आधी वीज, मग बेसिक

चाळीस वर्षांपूर्वीचा झेडएक्स स्पेक्ट्रम कुरियरने घरी पोचला, की पहिला मोह होतो तो लगेच प्लग लावून बघण्याचा. तो आवरायला हवा. माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेला संगणक तिथे सुखरूप असतो आणि नव्या मालकाच्या टेबलावर पहिल्या काही सेकंदांत जातो, असे फार वेळा घडते. त्यामागे बहुधा एकच गोष्ट असते: अडॅप्टर.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, आणि त्याच्या पिनची आतली बाजू निगेटिव्ह, बाहेरची पॉझिटिव्ह असते. आज घरोघरी ड्रॉवरमध्ये पडलेल्या बहुतेक अडॅप्टरांचे नेमके उलटे असते. पिन तर अगदी बेमालूम बसते. मूळ अडॅप्टर सोबत आला असेल तरी तो आधी मल्टिमीटरवर तपासावा. त्यात ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर एवढाच ऐवज असल्यामुळे भार नसताना मीटरवर बारा-तेरा व्होल्ट दिसतात. ते पाहून घाबरायचे कारण नाही, भार पडल्यावर आकडा खाली येतो. मात्र वायर कडक झालेली असेल, पिनजवळ तडे गेले असतील किंवा आकडा सारखा हलत असेल, तर तो अडॅप्टर आठवण म्हणून ठेवावा आणि योग्य पोलॅरिटीचा नवा, ९ व्होल्ट आणि दीड-दोन अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत असा अडॅप्टर आणि मल्टिमीटर एकाच फेरीत मिळतो.

एवढी काळजी कशासाठी, हे कळायला हे यंत्र कसे बनले ते पाहावे लागते. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम जाहीर केला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. त्या वेळी ब्रिटिश शाळांत जात असलेला बीबीसी मायक्रो मॉडेल बी चारशे पौंडांच्या घरात होता. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा ध्यास एकच: संगणक सामान्य घराला परवडला पाहिजे. रिचर्ड ऑल्टवॉसर यांनी सर्किट आखले, रिक डिकिन्सन यांनी तो काळा, चपटा, रबरी कळांचा आणि कोपऱ्यावर इंद्रधनुषी पट्टा असलेला देह दिला, आणि स्टीव्ह व्हिकर्स यांनी १६ केबीच्या रॉममध्ये बेसिक भाषा बसवली. मेंदू म्हणून झेड८० जातीचा प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ.

पैसे वाचवण्याची कल्पकता या यंत्रात किती खोल गेली आहे, ते मेमरीत दिसते. ४८ केबीच्या स्पेक्ट्रममधल्या वरच्या ३२ केबीसाठी ज्या चिपा वापरल्या, त्या खरे तर ६४ किलोबिटच्या होत्या, पण कारखान्यात चाचणीच्या वेळी त्यांचा अर्धा भाग सदोष निघालेला. असा माल स्वस्त मिळे. बोर्डावर एक छोटी तार कुठे जोडायची ते ठरवून चिपेचा चांगला अर्धा भाग तेवढा वापरला जाई. चाळीस वर्षांनी यातली एखादी चिप बदलायची झाली, तर आधी ती तार कोणत्या बाजूला आहे ते पाहावे लागते.

खालच्या १६ केबीची कथा जास्त नाजूक. तिथल्या ४११६ नावाच्या आठ चिपांना एक नव्हे, तीन व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. यातले अधिक ५ हे ७८०५ या साध्या रेग्युलेटरमधून येते, तर बाकीची दोन बोर्डावरचे ट्रान्झिस्टर आणि एक छोटी कॉइल मिळून तयार करतात. उणे ५ गायब झाले आणि १२ तसेच राहिले, तर ४११६ चिपा मरतात. स्पेक्ट्रमला पॉवर स्विच नाही, त्यामुळे त्या काळची मुले पिन उपसून-खुपसून यंत्र रिसेट करत. त्या धक्क्यांनी टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर अनेकदा जाई, आणि त्याच्यामागोमाग मेमरी. म्हणून नव्या मालकाने एक सवय लावून घ्यावी. पिन आधी संगणकात बसवायची आणि बटण भिंतीवरच्या बोर्डाचे दाबायचे. बंद करतानाही भिंतीवरूनच.

यंत्र उघडणे अवघड नाही. रबरी कळांच्या स्पेक्ट्रमला खाली पाच स्क्रू असतात. ते काढल्यावर झाकण झटकन उचलायचे नाही, कारण कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या झाकणातून बोर्डावर उतरलेल्या असतात आणि त्या जुन्या प्लॅस्टिकच्या असतात. झाकण जरासे तिरके करून पट्ट्या सरळ वर ओढून काढाव्या. मग मीटरची काळी तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला लावून एखाद्या ४११६ चिपेच्या पायांवर तांबडी टोचावी: पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२, नवव्यावर ५. हे तीन आकडे बरोबर आले, की निम्मी लढाई जिंकली. मीटरची टोके दोन पायांवर एकदम टेकणार नाहीत एवढे सांभाळावे, कारण १२ व्होल्टचा पाय चिपेच्या दुसऱ्या पायाच्या अगदी शेजारी आहे.

जुन्या यंत्रातले सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदलावेत की नाही, यावर जाणकारांत दोन तट आहेत. नवशिक्याने मात्र आधी मोजावे आणि मग ठरवावे. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न धरले आहे, त्याने चालत्या बोर्डावर डझनभर सांधे उकलायला घेणे म्हणजे नवी दुखणी ओढवून घेणे आहे. या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे जास्त उष्णतेने उचलले जातात. आधी एखाद्या स्वस्त, कोऱ्या झीरो बोर्डवर हात बसवावा आणि मग इथे यावे.

व्होल्टेज बरोबर आहेत, आता चित्र. मूळ स्पेक्ट्रम टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला जोडायचा आणि टीव्ही यूएचएफच्या ३६व्या वाहिनीला लावायचा, अशी योजना होती. ॲनालॉग ट्यूनर असलेल्या टीव्हीवर ती आजही चालते, पण चित्र मुंग्या आल्यासारखे दिसते. त्यापेक्षा सोपी सुधारणा अशी: आतल्या चंदेरी डबीत, म्हणजे मॉड्युलेटरमध्ये जाणारी व्हिडिओची तार सोडवायची, डबीचा ५ व्होल्टचा पुरवठा तोडायचा, आणि ती व्हिडिओची तार थेट बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला जोडायची. हे दोन-तीन सांध्यांचे काम आहे आणि हवे तेव्हा मूळपदावर आणता येते. मग साधी आरसीए वायर टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटात जाते. आवाजाची चिंता नाही, स्पेक्ट्रमचा छोटा स्पीकर त्याच्या पोटातच असतो.

इथे भारतातल्या खरेदीदाराला एक सोय आहे. ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि टीव्हीची पद्धत पाल. ब्रिटनहून आलेल्या यंत्राला फक्त प्लग बदलला की पुरते. अमेरिकेतून मागवलेला कमोडोर ६४ मात्र १२० व्होल्टचा आणि एनटीएससी चित्राचा असतो. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि एनटीएससी दाखवणारा टीव्हीही. स्वस्त मिळाला म्हणून तो घेतला, तर नंतरचा खर्च सगळी बचत खाऊन टाकतो.

पहिल्यांदा वीज दिल्यावर पडद्याकडे नीट बघावे, कारण ते दोन सेकंद बरेच काही सांगतात. सुरुवातीला पडदा काळा होतो आणि त्यावर बारीक तांबड्या उभ्या रेषा चमकून जातात. मग तो पांढरा होतो आणि तळाशी १९८२ सालची सिंक्लेअर रिसर्चची ओळ उमटते. त्या तांबड्या रेषा ही शोभा नव्हे. रॉममधला कार्यक्रम मेमरीची तपासणी करत असतो. तो प्रत्येक घरात २ हा आकडा भरतो. चित्राची मेमरीही खालच्या १६ केबीतच असल्यामुळे तो आकडा पडद्यावर दिसतो: दोन म्हणजे आठ बिटांत सातव्या जागी एक ठिपका, म्हणून उभ्या रेषा, आणि रंगांच्या घरात दोन म्हणजे काळ्या कागदावर तांबडी शाई. नंतर तो प्रत्येक घरातून एक वजा करतो, पुन्हा एक वजा करतो, आणि उत्तर शून्य येते का ते बघतो. एखाद्या घरात हिशेब चुकला, की मेमरी तिथेच संपली असे धरून तो पुढे जातो.

म्हणजे वरच्या ३२ केबीतली एखादी चिप गेलेली असली तरी यंत्र सुरू होते, फक्त स्वतःला १६ केबीचे समजते. हे ओळखायला एक ओळ पुरते: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आले तर सगळी ४८ केबी शाबूत. ३२७६७ आले तर यंत्र १६ केबीवर चालले आहे. विक्रेता यंत्र चालू करून पडद्याचा फोटो पाठवतो तेव्हा त्याला ही ओळ टाइप करून उत्तराचा फोटो मागावा. नुसत्या कॉपीराइटच्या ओळीवरून वरची मेमरी कळत नाही. आणि पडदा काळ्या-तांबड्या रेषांवरच अडकला किंवा ठोकळ्यांचा पसारा दिसला, तर दोष बहुधा खालच्या मेमरीत असतो, आणि त्याच्यामागे पुन्हा तीच तीन व्होल्टेज.

मग कीबोर्ड. रबरी चटईखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांना मेम्ब्रेन म्हणतात. त्यांच्या शेपट्या काळाने ठिसूळ होतात आणि झाकण दोन-तीनदा उघडले की तडकतात. जुन्या स्पेक्ट्रममध्ये सर्वांत जास्त वेळा बदलला जाणारा भाग हाच, आणि सुदैवाने नवी मेम्ब्रेन आजही बनते आणि मिळते. कोणती कळ मेली यावरून तडा कुठे आहे ते सांगता येते. एका पट्टीत आठ रेषा, दुसरीत पाच. आठ गुणिले पाच म्हणजे चाळीस कळा. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी या पाच एकदम गेल्या तर आठवाल्या पट्टीतली एक रेषा तुटली. १, क्यू, ए, ०, पी, एंटर, स्पेस आणि कॅप्स शिफ्ट अशा आठ विखुरलेल्या कळा एकदम गेल्या तर पाचवाल्या पट्टीतली. एखादी सुटी कळच दाबली जात नसेल, तर तिच्या जागी धूळ किंवा ओल असू शकते.

ओलीचा विषय निघालाच आहे, तर कोकणात, मुंबईत आणि गोव्यात तो गंभीरपणे घ्यावा. पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते आणि बोर्डाच्या मागच्या उघड्या कडेवरचे संपर्क काळवंडतात. ही कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे. त्या कडेला जोडायची कोणतीही वस्तू वीज बंद असतानाच जोडायची. एक खाच इकडे-तिकडे झाली तर ९ व्होल्ट नको त्या ठिकाणी जातात आणि प्रोसेसरला घेऊन जातात.

आता कॅसेट, कारण स्पेक्ट्रमची खरी मजा इथे सुरू होते. टेपरेकॉर्डर नसला तरी अडत नाही. मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या इअर सॉकेटपर्यंत साधी साडेतीन मिलिमीटरची वायर, शक्यतो मोनो, आणि आवाज जवळजवळ पूर्ण. कार्यक्रमाच्या फायलीचे वेव्ह ध्वनीत रूपांतर करणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. संगणकावर जे ही कळ दाबली की लोड हा अख्खा शब्द उमटतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून पी दोनदा, म्हणजे दोन अवतरणचिन्हे, एंटर. आणि फोनवर प्ले.

सुरुवातीला एकसुरी शीळ येते आणि पडद्याच्या चौकटीवर तांबडे व आकाशी पट्टे सावकाश सरकतात. यंत्र ताल पकडत असते. ताल जुळला की चौकट निळ्या-पिवळ्या बारीक रेषांनी थरथरते आणि आवाज खरखरीत होतो. ती खरखर म्हणजे माहिती: शून्यासाठी आखूड लहर, एकासाठी दुप्पट लांब. अनेक खेळांच्या कॅसेटमध्ये आधी एक चित्र येते. ते वरून खाली सरळ रंगत जात नाही. पडदा तीन भागांत वाटलेला असतो, आणि प्रत्येक भागात आधी आठ ओळींच्या फक्त वरच्या कडा उमटतात, मग त्यांच्या खालच्या, असे आठ वेळा. सगळे काळे-पांढरे चित्र उभे राहिल्यावर शेवटच्या काही सेकंदांत रंग झरझर खाली उतरतो. चित्राला ६१४४ बाइट आणि रंगांना अवघे ७६८, हा त्यामागचा हिशेब आहे. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा तर चौपट जागा गेली असती. म्हणून आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनाला दोनच रंग. खेळातला माणूस झाडाजवळून गेला की झाडाचा रंग त्याला लागतो तो यामुळे. मॅथ्यू स्मिथच्या १९८३ च्या ‘मॅनिक मायनर’मध्ये ही मर्यादा सांभाळत आखलेल्या गुहा पाहिल्या, की त्या काळच्या प्रोग्रामरांबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

लोडिंग अर्ध्यावर तुटले आणि टेप लोडिंग एररची ओळ आली, तर आधी आवाज कमी-जास्त करावा. फोनमधले बास किंवा इक्वलायझर बंद करावे, नोटिफिकेशन तर बंद हवेच. खरा टेपरेकॉर्डर वापरत असाल तर हेड पुसावे आणि त्याच्या शेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून हेडचा कोन जुळवावा. आवाज सर्वांत तीक्ष्ण ऐकू येतो तिथे थांबायचे. एसडी कार्डावरून क्षणात खेळ सुरू करणारी डिव्हएमएमसीसारखी जोडणीही मिळते आणि रोजच्या वापराला ती उत्तम आहे. पण पहिला कार्यक्रम आवाजातूनच आत जाऊ द्यावा. संगणक माहिती कशी घेतो हे कानाने ऐकण्याची संधी आजचा कोणताही लॅपटॉप देत नाही.

खेळ झाले, आता बेसिक. इथे नवा माणूस गोंधळतो, कारण स्पेक्ट्रमवर शब्द अक्षर-अक्षर टाइप करायचे नसतात. पडद्यावर के हा कर्सर लुकलुकत असताना पी दाबले की प्रिंट येते, ओ दाबले की पोक. एकाच कळेवर पाच-सहा गोष्टी छापलेल्या असतात. तऱ्हेवाईक वाटते, पण त्यात विचार आहे: प्रत्येक आज्ञा मेमरीत एका बाइटमध्ये मावते, आणि टाइप करताना आज्ञेच्या स्पेलिंगची चूक होऊच शकत नाही. ओळीची रचना चुकली असेल तर यंत्र ती ओळ स्वीकारतच नाही, चुकीच्या जागी प्रश्नचिन्ह लुकलुकवते. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला मास्तर नाही. सोबत व्हिकर्स यांनी लिहिलेली पुस्तिका मिळाली तर ती आधाराला ठेवावी. घरातल्या वाचकासाठी इतक्या स्वच्छपणे लिहिलेल्या तांत्रिक पुस्तिका थोड्या आहेत.

मराठी माणसाने पहिला कार्यक्रम म्हणून काय लिहावे? स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही, पण एकवीस अक्षरे आपल्या मनाने आखता येतात, आठ बाय आठच्या चौकोनात. वहीवर चौकोन काढून ‘म’ बसवावा. वरची ओळ पूर्ण भरलेली, ती शिरोरेखा: आठही बिट एक, म्हणजे २५५. पुढच्या तीन ओळींत फक्त दोन उभे दांडे: ३४, ३४, ३४. मग आडवी रेघ, १२६. डावीकडची गाठ, १६२ आणि ६६. शेवटी उजव्या दांड्याचे टोक, २. ही आठ आकड्यांची रांग डेटा ओळीत घालायची, शून्य ते सात असा फॉर-नेक्स्टचा फेरा लावून रीडने एकेक आकडा उचलायचा, आणि तो यूएसआर ‘ए’ या पत्त्यात फेऱ्याचा आकडा मिळवून पोक करायचा. मग कॅरेक्टर क्रमांक १४४ छापला की पडद्यावर ‘म’.

तो शेजारी शेजारी पाच वेळा छापून बघावा. शिरोरेखा अखंड जुळते, कारण स्पेक्ट्रमच्या अक्षरचौकोनांमध्ये फट नसते. इंग्रजी अक्षरे सुटी दिसावीत म्हणून त्यांच्या कडेला रिकामे ठिपके सोडलेले असतात. आपण ते सोडत नाही, एवढाच फरक. अडचण येते ती वेलांटी आणि मात्रा यांची. आठ ओळींत शिरोरेखेच्या वर जागाच उरत नाही, म्हणून मात्रेला वरच्या ओळीतला स्वतंत्र चौकोन द्यावा लागतो. अक्षरे एकवीसहून जास्त हवी असतील तर २३६०६ आणि २३६०७ या पत्त्यांवरचा आकडा बदलून यंत्राला संपूर्ण नवी अक्षरमाला वापरायला सांगता येते. तिला जागा लागते ७६८ बाइट. दोन-तीन रविवारांत एखादा चिकाटीचा विद्यार्थी स्वतःचे नाव मराठीत लिहिणारा स्पेक्ट्रम तयार करू शकतो, आणि त्या ओघात बिट, बाइट, पत्ता आणि फेरा या चारही गोष्टी त्याच्या हातात पक्क्या बसतात.

भारतात हे यंत्र अगदीच परके नव्हते. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने १९८६ पासून स्पेक्ट्रम प्लस परवान्याने इथे बनवला, ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेत १९८४-८५ पासून निवडक शाळांमध्ये आले ते मात्र बीबीसी मायक्रो. त्यामुळे जुन्या शाळांच्या अडगळीत बीबीसी आणि जुन्या घरांच्या कपाटात स्पेक्ट्रम प्लस निघण्याची शक्यता आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात असे काही दिसले तर भंगाराच्या भावात गेले म्हणून हळहळण्याआधी विचारून बघावे.

बीबीसी मायक्रो हाती लागला तर त्याची खोड वेगळी. त्याचा पॉवर सप्लाय पोटातच असतो आणि त्यात रिफा बनावटीचे पारदर्शक पिवळट कपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला तडे जाऊन ओल शिरते, आणि वर्षांनंतर वीज मिळाली की ते फुटून खोलीभर घाण धूर करतात. ते बदलल्याशिवाय वीज देऊ नये. मात्र हा २३० व्होल्टचा भाग आहे, तेव्हा तो जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावा. कमोडोर ६४ चा मूळ अडॅप्टर तर वापरूच नये. तो राळेने भरलेला ठोकळा असतो, आत गरम होत राहतो, आणि बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त देऊन मेमरीच्या चिपा जाळतो. अमिगा ५०० प्लसमध्ये बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती गळून आजूबाजूचे तांबे खाते. फोटोत त्या भागात हिरवट डाग दिसले तर यंत्र कितीही सुंदर असो, सोडून द्यावे.

स्पेक्ट्रमच्याच घराण्यात निवड करायची, तर सोल्डरिंगची भीती वाटणाऱ्याने १९८६ चा करडा प्लस टू बघावा. त्या वर्षी ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ५० लाख पौंडांना विकत घेतला, आणि त्यानंतरच्या या मॉडेलला खऱ्या कळा आणि अंगातच टेपरेकॉर्डर आहे. १९८७ च्या प्लस थ्रीचा मोह टाळलेला बरा: त्याला तीन इंची डिस्क लागते, जी आता दुर्मीळ आहे, आणि ड्राइव्हचा रबरी पट्टा हमखास सैल पडलेला असतो. ज्याला यंत्र समजून घ्यायचे आहे, त्याने रबरी कळांचा ४८ केबीच घ्यावा. आणि पैसे घालण्यापूर्वी लॅपटॉपवर फ्यूजसारखा मोफत इम्युलेटर उतरवून पंधरा दिवस बेसिकशी झटापट करावी. स्पेक्ट्रमचा रॉम इम्युलेटरसोबत वाटायला ॲमस्ट्रॅडने १९९९ मध्येच परवानगी दिली आहे, त्यामुळे त्यात लपवाछपवीचे काही नाही.

या यंत्रात एकच भाग असा होता की तो गेला तर दुरुस्ती खुंटत असे: फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए ही चिप. पडद्यावर चित्र उमटवणे, कळा वाचणे, टेपचा आवाज ऐकणे, मेमरीसाठी प्रोसेसरला थांबवणे ही सगळी कामे ती करते, आणि ती बनणे कधीच थांबले. ख्रिस स्मिथ या ब्रिटिश अभियंत्याने त्या चिपेची अंतर्रचना उलगडून तिचे संपूर्ण तर्कसर्किट २०१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्याच अभ्यासातून त्याने हार्लेक्विन नावाचा बोर्ड उभा केला. त्यात यूएलएच्या जागी ७४ मालिकेच्या साध्या लॉजिक चिपा आहेत, अशा की ज्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेचा विद्यार्थी प्रयोगशाळेत रोज हाताळतो. हा बोर्ड किटच्या स्वरूपात मिळतो. जुन्या स्पेक्ट्रमची व्होल्टेज मोजून, मेम्ब्रेन बदलून आणि ‘म’ छापून ज्याचे झाले असेल, त्याने पुढच्या सुट्टीत हा बोर्ड मागवावा. आणि सोल्डरिंग सुरू करण्याआधी स्मिथच्या पुस्तकातले चित्र तयार करणारे प्रकरण वाचून घ्यावे. ते वाचलेले असले की लावलेल्या प्रत्येक चिपेचे काम तिथल्या तिथे ओळखता येते.